टीआरपीला हातभार

रविवार हा सुट्टीचा वार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी बहुतेक टीव्ही नसावा. आमच्या घरी आहे. डोंबिवलीच्या आमच्या टू बीएचकेत भिंतीवर टांगलेला हा टीव्ही आठवडाभर निमूटपणे मालिका दाखवत असतो. पण रविवारी संध्याकाळचे सात वाजले की सगळ्या वाहिन्यांच्या एकदम अंगात येतं. एकीकडे दोन तासांचा महाएपिसोड, दुसरीकडे गाण्याच्या स्पर्धेची महाअंतिम फेरी, तिसरीकडे सिनेमाचा जागतिक टेलिव्हिजन प्रीमियर आणि चौथीकडे क्रिकेट. सोमवार ते शनिवार लोकलला लोंबकळणारा प्रेक्षक आठवड्यातून एकदाच घरी सापडतो, त्यामुळे सगळेच त्याला त्याच दोन तासांत गाठायला बघतात.

आमच्या घरात प्रत्येकाचा रविवार वेगळा आहे. बाबांना क्रिकेट लागतं. मुलीला गाण्याची स्पर्धा लागते, कारण त्यात परीक्षक रडतात आणि ते कोणत्या गाण्याला रडतील यावर तिची मैत्रिणींशी पैज असते. बायकोला सिनेमा हवा असतो. तो तिने मोबाइलवर आधीच बघितलेला असतो, पण "मोठ्या पडद्यावर बघायची मजा वेगळी" असं ती बत्तीस इंची टीव्हीकडे बोट दाखवून म्हणते. मला बातम्या बघायच्या असतात. पण मला कुणी विचारलेलं नाही.

आणि आईला महाएपिसोड.

घरात शांतता राहावी म्हणून आम्ही एक तोडगा काढलाय. एकाचा कार्यक्रम चालू असताना ब्रेक लागला की रिमोट दुसऱ्याकडे द्यायचा. तोडगा कागदावर उत्तम आहे. अडचण एवढीच की सगळ्या वाहिन्यांचे ब्रेक एकाच वेळी लागतात. ते आपसांत ठरवून लावतात की काय कोण जाणे, पण आम्ही साबणाच्या जाहिरातीतून उठतो आणि गुंतवणुकीच्या जाहिरातीत जाऊन बसतो, तिथून चहाच्या, चहातून परत साबणाच्या. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटं जाहिराती दाखवता येतात म्हणे. उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं आमच्या घरी अजून कुणाच्या वाट्याला आलेली नाहीत.

महाएपिसोड कधी न बघितलेला माणूस महाराष्ट्रात उरला असेलच, तर त्याच्या माहितीसाठी सांगतो. आठवडाभर रोज अर्धा तास जे घडत नाही, ते रविवारी सलग एक-दोन तास घडत नाही, त्याला महाएपिसोड म्हणतात. मागच्या एका रविवारी नायक लग्नमंडपात सत्य सांगायला निघाला. सत्य काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं, खलनायिकेला ठाऊक होतं, भटजींनाही ठाऊक असावं, कारण त्यांचा चेहरा तीनदा दाखवला. फक्त नायिकेला ठाऊक नव्हतं. नायकाने मंडपाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा बायकोने कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा तो दुसऱ्या पायरीवर होता. मग सासूचा चेहरा, विजेचा कडकडाट, मामाचा चेहरा, पुन्हा कडकडाट, करवलीचा चेहरा. करवली नवीन होती, तिला कशाचा धक्का बसलाय हे दिग्दर्शकाने सांगितलेलं दिसत नव्हतं, पण बिचारीने धक्का बसवून घेतला. तिसऱ्या शिट्टीला नायक माईकपाशी पोचला. "मला सगळ्यांना काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला, आणि दिवे गेले. मालिकेतले.

"आता पुढच्या रविवारी," आई समाधानाने म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

हे सगळं चालू असताना बाबा आरामखुर्चीत घोरत होते, मुलगी मोबाइलमध्ये होती, बायको स्वयंपाकघरात आणि मी पंख्याकडे बघत होतो. म्हणजे आई सोडली तर टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आईचंही निम्मं लक्ष मटार सोलण्यात होतं. तरी मी चॅनेल बदलायला हात पुढे केला तेव्हा चारही दिशांनी एकच आवाज आला, "बघतोय ना आम्ही!" त्यात बाबांचा आवाजही होता, आणि तो डोळे न उघडता आला होता.

पण खरी गंमत त्याच्या पुढच्या रविवारी झाली. आई आणि बाबा संध्याकाळी गणपतीच्या देवळात निघाले. मुलगी शिकवणीला, बायको माहेरी. मी खाली भाजी आणायला जाणार होतो म्हणून टीव्ही बंद केला. आई चपला घालता घालता आत आली.

"अरे, बंद कशाला केलास? चालू राहू दे."

"पण बघणार कोण?"

"कुणी बघायला कशाला पाहिजे? त्या पोरीचा टीआरपी पडतो मग. मागच्या गुरुवारी तिसऱ्या नंबरवर गेली बिचारी."

मग मला कळलं. आई देवळात जाताना, भिशीला जाताना, दुपारी आडवी होताना आपल्या आवडत्या मालिकेला टीव्ही लावून ठेवत होती. पुण्यकर्म म्हणून. देवापुढे समई तेवत ठेवावी तसा तिने नायिकेसाठी टीव्ही चालू ठेवला होता. वीजबिल वाढलंय म्हणून मी फ्रिजवाल्याला दोनदा बोलावलं होतं.

आईला गुरुवार कळतो याचंच मला नवल वाटलं. पूर्वी आमच्या घरी गुरुवार म्हणजे दत्ताचा वार आणि साबुदाण्याची खिचडी. आता तो निकालाचा वार झालाय. टीआरपीचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे रविवारच्या महाएपिसोडचा निकाल बरोबर अकराव्या दिवशी लागतो. आकडे वाईट आले तर बाराव्याला लेखक बदलतो आणि तेराव्यापर्यंत नायकाला अपघात होऊन त्याची स्मृती गेलेली असते. त्यानेही भागलं नाही तर कथानक सहा वर्षांनी पुढे जातं, नायिकेला एक मुलगी होते आणि मालिका रात्री अकरा वाजता जाते. आई या सगळ्याचा पाठपुरावा ठेवते. मालिका चालू असते तेव्हा कोण कुणाचा मावसभाऊ हे तिला आठवत नाही, पण कुठली मालिका कुठल्या वाहिनीच्या कुठल्या मालिकेच्या किती मागे आहे हे तोंडपाठ.

सगळे घरी परतल्यावर मी तिला समजावून सांगायचं ठरवलं. सुशिक्षित मुलाने घरात करू नये अशी जी कामं आहेत, त्यात याचा नंबर बराच वर लागतो.

"आई, आपण टीव्ही लावला काय, न लावला काय, टीआरपीत काही फरक पडत नाही."

"का?"

"आपल्याकडे मीटर नाही."

"बाहेर आहे की! तुझ्या नावावर."

"तो विजेचा. टीआरपीचा वेगळा असतो. तो ठरावीक घरांतच बसवतात. देशात टीव्ही असलेली घरं तेवीस कोटींच्या आसपास आहेत आणि असे मीटर आहेत अठ्ठावन्न हजारांच्या आसपास."

आईने सोलायचा मटार खाली ठेवला. "म्हणजे आमचं मोजतच नाहीत?"

"नाही."

"मतदानाला तर एकेक मत मोजतात. रात्री जागून मोजतात. इथे मी रोज तीन तास बसते, ते मोजत नाहीत? मग आम्ही बघायचं कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मराठी दूरचित्रवाणीच्या व्यवसायातही कुणाकडे असेल असं वाटत नाही. पण आई लगेच सावरली. "बरं, मग अर्ज कुठे करायचा?"

"अर्ज करता येत नाही. ते लोकच घरं निवडतात. बार्कवाले."

"बार्क? ते ट्रॉम्ब्याचं, अणुबाँबवालं?"

बाबांनी एक डोळा उघडला. "तेच असणार. रोज तीच मालिका बघणारा प्रेक्षक शोधायचा म्हणजे अणूच शोधण्यासारखं आहे." आणि डोळा मिटला.

तर हे बार्क म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल. तेही मुंबईतच, त्यामुळे आईची चूक क्षम्य आहे. २०१५ पासून देशातल्या टीव्हीचे आकडे हेच लोक काढतात. वाहिनीच्या आवाजात एक खूण पेरलेली असते, माणसाच्या कानाला ऐकू न येणारी. ती खूण मीटरला ऐकू येते आणि कुठली वाहिनी चालू आहे ते त्याला कळतं.

"आपल्याकडे तर जे ऐकू येतं तेही कुणी ऐकत नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ते टीव्हीबद्दल नसावं असा माझा अंदाज आहे.

मी हिशेब मांडून दाखवला. तेवीस कोटींना अठ्ठावन्न हजाराने भागलं तर जवळजवळ चार हजार घरांमागे एक मीटर. आमच्या सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत. म्हणजे आमच्यासारख्या शंभर सोसायट्या उभ्या केल्या तर त्यातल्या एका घरात मीटर निघेल. शंभर सोसायट्यांतल्या तमाम आज्या रविवारी काय बघतात, याचा निकाल त्या एका घरातल्या सोफ्यावर लागतो. तेवढ्यावर जाहिरातींचे दर ठरतात, तेवढ्यावर नायक मरतो आणि तेवढ्यावरच पुन्हा जिवंत होतो.

"मग ते घर कुठलं?" आईने विचारलं.

"ते गुप्त असतं. कुणाला सांगायचं नसतं."

इथे थांबायला हवं होतं. पण माहिती असलेल्या माणसाला थांबता येत नाही. मी पुढे म्हणालो, "नाहीतर लोक त्या घरी जाऊन त्यांना फितवतील. २००१ साली मुंबईतल्या अशा घरांची यादीच फुटली होती."

"फुटली होती?" आईचे डोळे चमकले. "म्हणजे शोधता येतं."

पुढचे काही आठवडे आमच्या सोसायटीच्या इतिहासात नोंद घ्यावी असे गेले. आईला पहिला संशय तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा आला, कारण त्या कोणत्याही मालिकेबद्दल वाईट बोलत नाहीत. आई वाटीभर खीर घेऊन वर गेली. टीव्हीशेजारी एक काळी डबी होती आणि तिच्यात हिरवा दिवा लुकलुकत होता. आई परत आली ती विजयी मुद्रेने. दुसऱ्या दिवशी तो वायफायचा डबा निघाला. मग पहिल्या मजल्यावर बॅग घेतलेला एक माणूस दर महिन्याला येतो आणि अर्धा तास बसतो, असं वॉचमनकडून कळलं. तो विमा एजंट होता. त्याने जाताना बाबांना एक पॉलिसी विकली. तळमजल्याच्या निवृत्त बँकवाल्या काकांवर मात्र संशय पक्का होता, कारण ते रविवारी संध्याकाळी दार लावून घेतात आणि बेल वाजवली तरी उघडत नाहीत. ते झोपलेले असतात हे सिद्ध व्हायला तीन वाट्या खीर लागली.

बाबांचं या शोधमोहिमेबद्दल मत वाईट होतं. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," ते म्हणाले. त्यांची वेळ म्हणजे दूरदर्शनची वेळ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं शनिवार-रविवारच्या संध्याकाळी स्पर्धा नावाची चीजच नव्हती. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी चाळ. बाहेर चपलांचा ढीग पाहिला की सिनेमा कितपत चांगला आहे ते कळायचं. दूरदर्शनला एकच प्रतिस्पर्धी होता, मधेच पडद्यावर लागणाऱ्या पाटीवरचा 'व्यत्यय'. त्याचं स्वतःचं संगीत नव्हतं, कलाकार नव्हते, पण तो कधीही यायचा आणि पूर्ण बघितला जायचा. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं तेव्हा लोक टीव्हीला हार घालत. हार घालणाऱ्याला कुठल्या मीटरने मोजायचं?

"पण तेव्हा दुसरं काही लागतच नव्हतं," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच तर सगळे बघत होते," बाबा म्हणाले. या वाक्यात काहीतरी चुकतंय हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते लगेच २०२० वर आले. लॉकडाउनमध्ये चित्रीकरणं बंद पडली, सगळ्या वाहिन्यांकडचं नवं सगळं संपलं आणि दूरदर्शनने तेच 'रामायण' पुन्हा लावलं. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, जगात सगळ्यात जास्त, असं दूरदर्शनने जाहीर करून टाकलं.

"त्यातला एक मी," बाबा छाती पुढे काढून म्हणाले.

"तुम्ही झोपला होतात," आई म्हणाली.

"आणि आपल्याकडे मीटर नव्हता," मी म्हणालो.

७.७ कोटींतून एक वजा झाल्याचं दुःख बाबांच्या चेहऱ्यावर बराच वेळ होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण गाजलं. मीटर असलेल्या काही घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला सांगितलं जायचं, घरात कुणी नसलं तरी, असा मुंबई पोलिसांचा आरोप होता. इंग्रजीचा गंध नसलेल्या घरांतही इंग्रजी वाहिनी चालू असायची म्हणे. बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे त्यानंतर बरेच महिने बंदच राहिले आणि पुढे सरकारने तो खटलाही मागे घेतला. त्यामुळे खरं-खोटं देव जाणे. पण मी हे आईला सांगितलं आणि तिच्या मनाला जे लागलं ते भलतंच होतं.

"पाचशे रुपये?"

"आरोप होता."

"घरात कुणी नसताना टीव्ही चालू ठेवायचे पाचशे?"

"हो."

"आणि मी गेली पाच वर्षं फुकट ठेवतेय!"

तिने तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला. आकडा तीस हजारांवर गेला. त्यातून वीजबिल वजा केलं तरी काशीयात्रा होत होती. त्या रात्री महाएपिसोडमध्ये नायिकेला घराबाहेर काढलं, पण आईच्या डोळ्यांत पाणी आलं ते स्वतःच्या नुकसानीचं.

समजा, एखाद्या दिवशी खरंच आमच्याकडे मीटर बसला, तर? मी त्याचा विचार करून बघितलाय. त्या मीटरला वेगळा रिमोट असतो आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. ज्या घरात बाथरूममधून बाहेर येणारा माणूस गीझरचं बटण बंद करत नाही, त्या घरात हे होणार आहे. बाबा सात वाजता बटण दाबून घोरायला लागतील आणि बार्कपर्यंत नोंद जाईल की ज्येष्ठ पुरुष प्रेक्षकांना सासू-सुनेची भांडणं फार आवडतात, दोन तास जागचे हलत नाहीत. मुलगी स्वतःचं सोडून सगळ्यांची बटणं दाबेल. आई सकाळी उठल्याबरोबर सगळी बटणं एकदम चालू करून त्यांना हळदकुंकू वाहील. मी बटण दाबीन की नाही याची मात्र शंका आहे, कारण मला तेव्हाही कुणी विचारणार नाही.

शनिवारची परिस्थिती रविवारहून वेगळी आहे असं समजू नका. २०२४ साली 'बिग बॉस मराठी'चा पाचवा हंगाम आला आणि शनिवार-रविवारी रात्री रितेश देशमुख 'भाऊचा धक्का' घेऊन यायला लागले, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा तीन पिढ्या एका कार्यक्रमाला बसल्या. कारण साधं होतं. आठवडाभर दुसऱ्याच्या घरात कोण कुणाशी कसं भांडलं, हे तिथे सविस्तर सांगत होते. आमच्याकडे त्या तासभरात एकही भांडण झालं नाही. आकडा मोजणाऱ्यांना हे कुठल्या रकान्यात घालता येईल कोण जाणे.

बाकी टीआरपीची ही शर्यत कुणी जिंको वा हरो, आमच्या घरातला पहिला नंबर पक्का आहे. तो मोबाइलचा. महाएपिसोड चालू असताना मुलगी त्यावर त्याच महाएपिसोडची चेष्टा करणारे व्हिडिओ बघते, बायको ओटीटी, बाबा झोपेच्या गोळ्यांची माहिती, आणि आई, हो, आईसुद्धा, 'या आठवड्यात टीआरपीत कोण अव्वल' हे वाचते. टीव्ही वर भिंतीवर एकटाच कडकडाट करत असतो.

आईचा शोध अजून संपलेला नाही. मात्र तिचा हेतू बदललाय. आता तिला मीटर नको आहे, त्या घरातली बाई हवी आहे. "तिला एकदा भेटून सांगायचंय," ती म्हणते, "की बाई गं, तू उठत का नाहीस? तू बसून राहतेस म्हणून ती खलनायिका सुटते दर वेळी तुरुंगातून."

म्हणून ही विनंती. तुमच्या घरी तो मीटर असेल तर मला सांगू नका, ते गुप्त ठेवायचं असतं. पण येत्या रविवारी नायक पहिल्या पायरीवर असताना तुम्ही ताटं घ्यायला उठाल, तेव्हा तेवढं आपलं बटण आठवणीने बंद करा. चार हजार घरं तुमच्यामागे उपाशी बसलेली आहेत.